घरचे दप्तर

आमच्या दापोली तालुक्यातील जुन्या घरांत ओटी आणि पडवी ओलांडून माजघरात पाऊल टाकले की देवघराशेजारच्या फडताळात तांबड्या रुमालात आवळून बांधलेले एक गाठोडे हमखास दृष्टीस पडे, आणि घरातील मुलांना देव्हाऱ्यातील मूर्तींइतकाच त्या गाठोड्याचाही धाक असे. खरेदीखते, वाटणीपत्रे, फारखती, शेतसारा भरल्याच्या पावत्या, जन्मपत्रिका, मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनिऑर्डरींची कुपने, आणि या सर्वांच्या तळाशी कोणा पणजोबांनी मोडीत लिहिलेले, आता घरातील एकालाही वाचता न येणारे चार कागद, असा त्यातील ऐवज असे. पावसाळा सरून आश्विनातील कडक ऊन पडले की ते गाठोडे अंगणात सुटे, कागदांना ऊन दाखवले जाई, वाळवी लागली नाही याची खात्री करून, वेखंडाचे तुकडे घालून ते पुन्हा बांधले जाई, आणि तेवढ्या एका दिवसापुरती घरातील सर्व मेलेली माणसे पुन्हा नावानिशी बोलण्यात येत.

आज ते फडताळ रिकामे आहे. घरातील छायाचित्रे, पत्रे, बागायतीचा हिशेब, आजारपणाचे अहवाल, मुलांच्या शाळेचे दाखले, मयत माणसांचे आवाज हे सारे कोठे आहे असे विचारले तर घरातील तरुण माणूस खिशातील फोनकडे बोट दाखवतो. पण फोन ही नुसती खिडकी असून दप्तर तिच्या पलीकडे, हजारो मैलांवरील कोणा कंपनीच्या दप्तरखान्यात, तिच्या कुलपात आणि तिच्या मर्जीवर पडून आहे, हे त्याला माहीत असूनही जाणवत नाही. हे दप्तर पुन्हा घरी आणता येईल काय, आणण्याजोगे आहे काय, आणि आणल्यावर ते सांभाळण्याची कुवत आपल्यासारख्या सामान्य कुटुंबात आहे काय, या तीन प्रश्नांच्या विचारासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आहे असे माझे मत असले, तरी तिसऱ्या प्रश्नाचा होकार श्रमाच्या अटीवर आहे, आणि ती अट झाकून ठेवण्याची माझी इच्छा नाही.

प्रथम विषयाची व्याप्ती सांगितली पाहिजे. सर्व्हर हा शब्द कानी पडताच थंडगार दालनांतील यंत्रांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः मागेल त्याला मागेल ते वेळच्या वेळी काढून देणारा संगणक, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत दप्तराशी बसलेला कारकून, एवढाच त्याचा अर्थ आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जगातील पहिला वेब सर्व्हर चालू केला, तो त्यांच्या टेबलावरील एक साधा संगणक होता, आणि कोणी चुकून तो बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हणजे आज ज्याला लोक धाडस समजतात ते मूळची वहिवाट आहे. आपली वही आपल्या टेबलावर ठेवावी आणि ज्याला दाखवायची त्याला तेथून दाखवावी, हाच या जाळ्याचा आरंभीचा शिरस्ता होता, आणि दप्तरे दूरच्या मोजक्या दप्तरखान्यांत गोळा होण्याचा प्रकार मागाहून, सोयीच्या मोहाने रूढ झाला.

या विषयाकडे मी कुतूहलाने वळलो नाही. आमचे वडील, अप्पा, २०१९ च्या हिवाळ्यात गेले. जाण्याच्या आधीच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने त्यांना बागेतून हळूहळू फिरवले होते, आणि प्रत्येक कलमापाशी थांबून अप्पांनी ते कोणी लावले, रोप कोठून आणले, पहिला मोहर कोणत्या साली आला, शेजारच्या बागेची हद्द कोणत्या जांभ्याच्या चिऱ्यापासून धरायची, हे सारे आपल्या सावकाश आवाजात सांगितले होते. अशी चौतीस ध्वनिमुद्रणे अप्पांच्याच फोनवरून एका कंपनीच्या खात्यात जमा झाली होती. त्यांच्या मागे तो क्रमांक चालू ठेवण्याचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, आणि एका दुपारीत आमच्या बागेतील निम्म्याहून अधिक झाडे मुळासकट आडवी झाली. घराची कौले उडाली, फोन पाण्यात गेला, आणि तालुक्यातील कित्येक गावांप्रमाणे आमच्याकडेही वीज परत येण्यास आठवड्यांवर आठवडे लागले. मग भावाने नव्या फोनवरून ते खाते उघडण्याचा यत्न केला, तेव्हा ओळख पटवण्याचा सांकेतिक अंक अप्पांच्या बंद पडलेल्या क्रमांकावर पाठवल्याचे उत्तर आले. अर्ज केले, मृत्यूचा दाखला जोडला, पुन्हा अर्ज केले. प्रत्येक वेळी यंत्राने लिहिलेले तेच सभ्य उत्तर आले, आणि ज्याच्यापुढे उभे राहून आपली हकिकत सांगावी असा एकही मनुष्य आम्हांस त्या दारात भेटला नाही. झाडे गेली त्याचा दोष वाऱ्याचा. परंतु त्या झाडांची कहाणी गेली ती वाऱ्याने नेली नाही. ती कोठे तरी शाबूत असेल, आणि तरीही ती आमची नाही.

दप्तर कोणाच्या घरी आहे यावर स्मृतीचे भवितव्य ठरते, हा धडा महाराष्ट्राने पूर्वी एकदा गिरवलेला आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुण्याचे पेशवे दप्तर, मोडी कागदांचे हजारो रुमाल, इंग्रज सरकारच्या ताब्यात गेले. ते नष्ट झाले नाही, त्याचा बंदोबस्तही होता. पण ज्यांच्या पूर्वजांचा तो कारभार होता त्यांच्यातील सामान्य अभ्यासकास त्यात मुक्त प्रवेश नव्हता, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले ते १९३० पासून पुढे, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर. याच्या उलट इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घरोघरच्या माळ्यांवरील आणि फडताळांतील रुमाल सोडवीत गेले, आणि १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. सरकारी दप्तरखान्याचे दार बंद असताना मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला, तो घराण्याघराण्यांनी आपले रुमाल घरात ठेवले होते म्हणून. त्यांतील कित्येकांचे वाडे ओस पडले, कित्येक घराणी निर्धन झाली; पण गाठोडे फडताळात होते, आणि ते मागायला आलेल्या माणसाला ते सोडून दाखवण्याची मुखत्यारी घरच्याच माणसाकडे होती.

येथे कोणी म्हणेल की, दुसऱ्यापाशी ठेव ठेवणे हा तर व्यवहाराचा जुनाच प्रकार आहे, त्यात गैर काय? गैर काहीच नाही. परंतु ठेवीचा व्यवहार म्हणजे काय याचा विचार आपल्या परंपरेने फार बारकाईने केलेला आहे. ज्यांचे शालेय शिक्षण आमच्या दापोलीच्या मिशन शाळेत झाले, आणि ज्यांना १९६३ साली भारतरत्न हा किताब मिळाला, त्या महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात प्राचीन व्यवहारविधीचे सविस्तर विवेचन केले आहे. त्या व्यवहारविधीत निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली ठेव, हे एक स्वतंत्र व्यवहारपद आहे. स्मृतिग्रंथांतील विषमता आपण टाकून दिली ते योग्यच झाले. पण ठेवीविषयी याज्ञवल्क्याने घालून दिलेला दंडक आजही मनास पटतो: ठेवणाराच्या संमतीवाचून जो ठेव स्वतःच्या उपजीविकेसाठी वापरतो तो दंडास पात्र असून त्याने ती ठेव वाढीसह परत केली पाहिजे. आता या दंडकाने आजच्या दप्तरखान्यांकडे पाहावे. आपण काय वाचतो, कोठे जातो, कोणाशी किती वेळ बोलतो, कोणत्या दुखण्याची चौकशी करतो, याचा माग काढून आपल्यापुढे जाहिराती मांडणे हे ज्या व्यवसायाच्या उत्पन्नाचे साधन आहे, त्याच्यापाशी आपण ठेवलेली वस्तू निक्षेप उरत नाही. आपण तिच्या वापराची कबुलायत न वाचताच लिहून दिलेली असते. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. परंतु हक्काची सनद हाती असणे आणि त्या हक्काची वहिवाट असणे यांत अंतर असते, हे कोकणातल्या माणसास निराळे सांगावे लागत नाही.

कारण याच जिल्ह्यात खोती नांदली. जमीन कसणारा कूळ, पण कुळाचे देणे-घेणे लिहिले जाई खोताच्या वहीत. पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळूनही स्वतःच्या वहिवाटीचा कागद कुळाच्या घरात नसे, आणि तंटा उभा राहिला की ज्याच्या घरी वही त्याचाच शब्द वरचढ ठरे. ज्यांच्या बालपणाचे काही दिवस याच कॅम्प दापोलीत गेले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढे १९४९ च्या कायद्याने ही पद्धत संपली. खोतीतील दैन्य आणि आजच्या फोनधारकाची गैरसोय यांची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही, तसे करणे त्या दैन्याचा अपमान ठरेल. मात्र त्या इतिहासातील एक सूत्र मला येथे फार मोलाचे वाटते: जो दुसऱ्याच्या वहीवर विसंबतो, त्याला आपला हक्क सिद्ध करण्यासाठीही त्याच दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

आणि हे केवळ दुबळ्यांच्याच वाट्याला येते असेही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले, आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांच्या ईमेलसह कित्येक सेवा एकाएकी बंद केल्या. शुल्क भरलेले असताना आपलाच पत्रव्यवहार आपल्याला मिळावा म्हणून त्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. वाडिनारला एवढा प्रचंड कारखाना चालवणाऱ्या कंपनीची ही अवस्था, तर मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करणाऱ्या आमच्या घराने कोणत्या बळावर तगादा लावावा?

आता दप्तर घरी आणण्याच्या तजविजीकडे वळू. यासाठी लागणारे यंत्र तळहाताएवढ्या रास्पबेरी पायपासून जुन्या, पडदा फुटलेल्या लॅपटॉपपर्यंत काहीही चालते. आमच्या घरातील यंत्र कोनाड्यात पाटावर ठेवले आहे. हार्ड डिस्कसह त्याला दहा वॅटच्या आसपास वीज लागते, म्हणजे दिवसरात्र चालूनही महिन्याला सुमारे सात युनिट. लाइट जाणे हा आमच्याकडे अपवाद नसून पावसाळ्याचा नेम आहे. परंतु यंत्र, राउटर आणि फायबरचा डबा मिळून पंचवीस वॅटच्या आत बसत असल्याने, घरोघरी असतो तसला दीडशे अँपिअर-अवर बॅटरीचा इन्व्हर्टर पंखे बंद ठेवल्यास त्यांना एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग चालवतो. कोकणाचे खरे शत्रू निराळे आहेत. वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस जेथे पडतो तेथे आषाढात भिंतींना ओल येते आणि जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो. उबेसाठी मुंग्या आणि पाली यंत्राच्या पोटात शिरतात. आणि जांभ्याच्या हातभर जाड भिंतीपलीकडे वायफायची लहर पोचत नाही, म्हणून तुळईच्या कडेने तार ओढून घ्यावी लागते. या प्रत्येकावर उपाय आहे, आणि तो बाजारात मिळण्यापेक्षा लक्ष ठेवण्याच्या सवयीत अधिक आहे.

यंत्रावर चालणारी साधने जगभरच्या स्वयंसेवकांनी आणि लहान संस्थांनी खुली करून ठेवली आहेत. १९९३ पासून चालत आलेली डेबियन ही पायाभूत प्रणाली, फ्रँक कार्लिचेक यांनी २०१६ साली सुरू केलेले, कागदपत्रे, पंचांग आणि पत्ते सांभाळणारे नेक्स्टक्लाउड, छायाचित्रांसाठी इमिच, एबेन मोग्लेन यांच्या २०१० च्या आवाहनातून उभी राहिलेली, नवशिक्यासाठी पुष्कळ गोष्टी आयत्या जुळवून देणारी फ्रीडमबॉक्स ही प्रणाली. यांतील कोणतेही साधन वापरण्यास कोणाचे दान घेतल्याची भावना नको. त्यांची घडण वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक हीच त्यांची सनद आहे, आणि मूळ कर्त्याने उद्या काम सोडले तरी ती सनद रद्द होत नाही.

एका अडचणीचा मात्र येथेच उलगडा करतो, कारण तीपाशी पुष्कळ उत्साही माणसे थबकतात. जाळ्यावरील जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी असून ते केव्हाच अपुरे पडल्यामुळे सेवा पुरवणाऱ्या कंपन्या एकाच पत्त्यामागे कित्येक घरे बसवतात. पूर्वी गिरगावातील एकाच चाळीच्या पत्त्यावर, अमक्यांच्या मार्फत म्हणून, साऱ्या वाडीच्या चाकरमान्यांची पत्रे जात. त्या चाळीतून गावी पत्र धाडणे सोपे, पण बाहेरच्या माणसाला नेमक्या खोलीपर्यंत पोचणे कठीण. तसेच आपल्या घरातील यंत्राचे होते. यावर नव्या पद्धतीचे विपुल पत्ते हा एक उपाय, आणि वायरगार्डसारखा बंदिस्त बोगदा हा दुसरा. अशा बोगद्यात भाड्याने घेतलेले एखादे लहान यंत्र मधल्या टपालवाल्याचे काम करते, आणि लखोट्याची मोहोर घरच्या यंत्रावरच फुटेल अशी तजवीज केली, तर तो फोडण्याची किल्ली त्याच्यापाशी नसते.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ईमेलचा कारभार घरी आणू नये असे मी प्रत्येकाला सांगतो. घरगुती पत्त्यावरून निघालेल्या पत्राकडे मोठे दप्तरखाने संशयाने पाहतात, आणि दाखल्याअभावी ते पत्र बिनबोभाट कचऱ्यात जाते. बाहेरच्या जगासाठी दार उघडले की त्याची कडी दर आठवड्याला तपासावी लागते, म्हणजे प्रणालीतील दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात. आळशाच्या घरचे दप्तर कंपनीच्या दप्तराहून असुरक्षित असते. राजवाड्यांना घरोघरी रुमाल मिळाले तसेच वाळवीने भुगा केलेले, पावसाने लगदा झालेले आणि वाण्याकडे रद्दीत गेलेलेही दिसले, आणि त्या हानीचा संताप त्यांनी आयुष्यभर वाहिला. दप्तर घरी होते एवढ्याने ते वाचले नाही. ज्या घरी त्याला दरवर्षी ऊन दाखवले गेले तेथे ते वाचले. म्हणून या पुस्तिकेतील सर्वांत मोठे प्रकरण यंत्राचे नाही, प्रतींचे आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर, दुसऱ्या गावी असावी, हा नियम छायाचित्रकारांनी रूढ केला आणि तो वज्रलेप समजावा. वादळाला घराची हद्द ठाऊक नसते.

दुसऱ्या गावी म्हणजे कोठे, या प्रश्नाला कोकणाइतके सोपे उत्तर क्वचितच कोणत्या प्रांताजवळ असेल. आमच्याच तालुक्यातील आसूदच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, केशवराजाच्या डोंगरातून उतरणारे पाणी पाटाने वाडीवाडीतून जाते, आणि ते वापरणाऱ्यांनी एकमेकांची पाळी सांभाळली तरच प्रत्येकाच्या पोफळीला पोचते. पाटाचा बांध एकट्याने राखता येत नाही. दप्तराचे स्वातंत्र्यही असेच आहे. प्रत्येक घरात यंत्र हवे असे नाही. एका वाडीत, एका भावकीत एक जाणता मनुष्य आणि त्याच्या हाताखाली शिकणारी दोन मुले असली, आणि इतर घरांनी आपापल्या कुलपाच्या किल्ल्या आपल्यापाशी ठेवून त्याच्याकडे जागा घेतली, तरी पुष्कळ काम भागते. त्या जाणत्याच्या दारात आपण उभे राहू शकतो, आपली हकिकत सांगू शकतो, आणि तो चुकला तर त्याला तोंडावर विचारू शकतो. ज्या दाराला माणूस नव्हता त्या दारावर आमचे अप्पा हरवले. म्हणून मला या गोष्टीचे मोल तंत्राहून अधिक वाटते.

पुस्तिकेची मांडणी साधी आहे. आरंभी यंत्राची निवड व जागा, मग प्रणाली बसवणे, मग कागद, छायाचित्रे आणि हिशेब हे क्रमाने घरी आणणे, त्यानंतर दार आणि कडी, आणि शेवटी प्रती. एका प्रकरणात केवळ वारशाचा विचार केला आहे: किल्ल्या लिहिलेला कागद कोणत्या डब्यात आहे आणि तो कोणी, केव्हा उघडावा, हे घरातील दोघांना तरी ठाऊक असले पाहिजे. वाचकाने एका पावसाळ्यात सारे करू नये. आधी फक्त छायाचित्रे घरी आणावीत, एक वर्ष ती सांभाळून पाहावीत, आणि तो नेम अंगवळणी पडला तरच पुढे जावे.

वादळानंतर आम्ही नवी कलमे लावली. माझी पुतणी प्रत्येक कलमापाशी उभी राहून त्याची जात, लावल्याची तिथी आणि जागेवर पूर्वी कोणते झाड होते ते आपल्या आवाजात सांगते. अप्पांनी सांगितलेल्यापैकी जे आम्हा भावंडांना आठवले ते तिने आधी आमच्याकडून ऐकून घेतले आहे, आणि जे आठवले नाही तेथे ती तसे म्हणून थांबते. ती ध्वनिमुद्रणे कोनाड्यातील यंत्रावर आहेत. त्यांची एक प्रत कपाटातील डिस्कवर असून तिसरी डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे असते. आज गणपतीसाठी बहीण आली, तेव्हा मोदकाच्या डब्याखालून तिने गेल्या वर्षीची डिस्क काढून माझ्या हाती दिली. विसर्जनानंतर ती परतेल तेव्हा या वर्षीची तिच्या पिशवीत जाईल. ऊन दाखवण्याचा दिवस आमच्या घरी आश्विनातून भाद्रपदात आला आहे, एवढाच काय तो बदल.

दापोली,
भाद्रपद शुद्ध चतुर्थी, शके १९४७